डिकीतलं ताम्हण

आटपाट वठार होतं. वठार म्हणजे एक अंगण, अंगणाभोवती सात बिऱ्हाडं, आणि सातांत मिळून एक नळ. हे वठार बेंगळूरच्या बसवनगुडीत. तिथं निपाणीचा एक ड्रायव्हर राहायचा. त्याला एक बायको होती, दोन मुली होत्या आणि एक काळी मोटार होती. मुली शहाण्या होत्या, मोटार म्हातारी होती. ड्रायव्हर म्हणजे आमचे हे, आणि बायको म्हणजे मी. मी कशी होते, ते आता कळेलच.

आता काय सांगू तुम्हाला! लोकांच्या हातून चुका होतात त्या कशा, आमटीत मीठ दोनदा पडतं, दूध उतू जातं. मी मोटारीच्या बॅटरीची यथासांग पूजा केली, आणि आमच्या सगळ्या बिऱ्हाडाची बेंगळूरातून उचलबांगडी होता होता राहिली. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण आठवण शाबूत आहे. त्या दिवशी कलशात आंब्याची पानं किती होती तेसुद्धा सांगते. पाच होती. नात लिहून घेते आहे. तिला म्हटलं, पदरचं काही घालू नको, आहे तेच पुष्कळ आहे.

निपाणी मैसूर राज्यात गेली, त्यानंतर दोनतीन वर्षांची ही गोष्ट. हे कँटोन्मेंटात एका गोऱ्या साहेबाकडं अकरा वर्षं ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला परत निघाला. बंगला विकला, पियानो विकला, कुत्रा दोस्ताला दिला. गाडी तेवढी कुणी घेईना. जाताजाता ती ह्यांच्या नावावर करून दिली. म्हणजे बघा, नोकरी गेली आणि दारात गाडी आली. आता पोट भरायची एकच वाट उरली. तिची टॅक्सी करायची.

टॅक्सी करायची तर गाडी पास व्हावी लागते. पास करणाऱ्या साहेबाला तिकडं ब्रेक इन्स्पेक्टर म्हणायचे. नाव ब्रेकचं, पण बघायचा सगळंच. त्यानं पहिल्याच खेपेला बॉनेट उघडलं आणि ह्यांना म्हणाला, "मारुतीराव, इंजन ठीक आहे, चाकं ठीक आहेत. पण बॅटरी फाशी दिल्यासारखी लटकते आहे की हो."

खरंच लटकत होती. ती जिथं बसायची ती लोखंडी बैठक बॅटरीतल्या तेजाबानं खाऊन टाकली होती. हे तारेनं बांधून चालवायचे.

"दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आणा," इन्स्पेक्टर म्हणाला. "तेव्हाही अशीच दिसली तर मोडीत घालायचा शेरा मारतो. मग माझ्याकडं येऊ नका."

इकडं हा धाक, आणि तिकडून निपाणीहून थोरल्या दिरांचं पत्र. तंबाखूच्या वखारीत एक माणूस हवाय, बिऱ्हाड घेऊन परत या. खाली जाऊबाईंनी लिहायला लावलेली एक ओळ होती, माजघराशेजारची कोठी तुमच्यासाठी रिकामी करते आहे. ती कोठी मला चांगली माहीत होती. तिथं जाऊबाईंचं लोणचं राहायचं. आम्ही गेलो असतो तर लोणच्याच्या खालोखाल आमचा मान.

तर करीमसाब मेस्त्री आले. तिकडं मोटार दुरुस्त करणाऱ्याला मेस्त्रीच म्हणतात. ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी बॉनेटमध्ये बोट घालून नुसतं दाबलं, तर लोखंडाचा पापुद्रा शिळ्या भाकरीसारखा हातात आला.

"मारुतीभाई, इथं आता काही बसणार नाही. आजूबाजूचा पत्राही गेलाय."

"मग?"

"बॅटरी मागं नेऊ. डिकीत."

मी दारात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "पुढची वस्तू मागं? मग गाडी उलटी चालेल की हो."

करीमसाब हसले नाहीत. त्यांची हीच गोष्ट मला आवडायची. म्हणाले, "अक्का, पाण्याचा डेरा तुम्ही चुलीजवळ ठेवता का?"

"छे. मागच्या गार कोपऱ्यात."

"का?"

"चुलीजवळ पाणी तापतं. उडून जातं."

"बॅटरीतही पाणी असतं. इंजन म्हणजे चूल. डिकी म्हणजे गार कोपरा. इथून तिथं जाड वायर ओढली की झालं."

एवढं मला समजलं. नीट समजलं. घोटाळा नेहमी नीट समजल्यावरच होतो.

चार दिवस काम चाललं. वायर न्यायची म्हणून गाडीची मागची सीट काढली आणि आमच्या खोलीत आणून ठेवली. मुली तिच्यावर बसून अभ्यास करायच्या. सगळं वठार पाळीपाळीनं बसून गेलं. शेजारच्या सावित्रम्मा बसल्या, "तुंबा चन्नागिदे," छान आहे म्हणाल्या, आणि अर्धा तास उठल्याच नाहीत. वायर आली गुजरी बाजारातून, जुन्या सामानातली, धामणीएवढी जाड. सगळं जमलं. राहिली पेटी.

"एक पेटी हवी," हे म्हणाले. "बॅटरी गचके खाऊन हलू नये अशी. लाकूड मजबूत पाहिजे."

"आणा की मग."

हे देव्हाऱ्याकडं बघत राहिले. देव्हाऱ्याखाली माझी फणसाच्या लाकडाची पेटी होती. आईनं लग्नात दिलेली. समई, घंटा, कलश, ताम्हण, पूजेचं सगळं तिच्यात.

"ती नाही," मी म्हटलं.

"मी कुठं काय म्हटलं?"

"बघताय ना."

"देवाकडं बघायचंसुद्धा नाही आता?"

दोन दिवस आमच्यात एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी निपाणीचं दुसरं पत्र आलं. थोरलीनं वाचून दाखवलं. कोठीला चुना लावून झाला होता. मी उठले, पेटी रिकामी केली आणि ह्यांच्यापुढं नेऊन ठेवली. म्हटलं, "घ्या. भोकं पाडायची असतील तर मी नळावर गेल्यावर पाडा."

बॅटरी त्या पेटीत अशी बसली, की आईनं तिच्याच मापानं करवून घेतली असावी. पेटीचं झाकण तेवढं लागेना, ते काढून टाकलं आणि वरून पट्टा आवळला. हे पुढं जाऊन बसले, बटण दाबलं, आणि गाडी पहिल्या हाकेला उठली. किती दिवसांनी हे हसले! डिकी लावता लावता मला म्हणाले, "एक ध्यानात ठेव. इथं हात लावायचा नाही. गाडीचा सगळा जीव आता ह्यात आहे."

असं बोलायला नको होतं त्यांनी.

कारण आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. चूल हलवली तर नव्या जागी हळदकुंकू. जातं हलवलं तर नारळ. देव हलवले तर विचारूच नका. आणि इथं गाडीचा सगळा जीव ह्या टोकाचा उचलून त्या टोकाला नेला, तर कुणी एक अक्षत टाकली नव्हती. वर तो जीव बसलाय कुठं, तर माझ्या देवांच्या पेटीत. माझ्या मनानं घेतलं, इन्स्पेक्टरनं उद्या पुन्हा खोडी काढली तर ती ह्यापायीच. बैठक बदलली आणि स्थापना केली नाही म्हणून.

पुढं दोनच दिवसांत खंडेनवमी. बेंगळूरची खंडेनवमी तुम्ही पाहिली नसेल. तिथं तिला आयुधपूजा म्हणतात आणि एक वस्तू सोडत नाहीत. बस, सायकल, शिवणयंत्र, न्हाव्याची कात्री, सगळ्यांना गंधफूल. सकाळी ह्यांनी गाडी धुतली, बॉनेटवर झेंडूची माळ घातली, चाकांखाली ठेवायला लिंबं काढली. मग निघाले. करीमसाबच्या दुकानातल्या पूजेला हजेरी लावायची आणि येताना गाडीपुढं फोडायला कोहळा आणायचा.

"मी येईपर्यंत गाडीला हात नको," जाताना म्हणाले.

"बरं."

"बॅटरीला तर मुळीच नको."

"बरं म्हटलं ना."

बरं म्हणायला काय जातं?

वळणावर त्यांची टोपी दिसेनाशी झाली आणि मी डिकी उघडली. बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट होते, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोन्हींवर पांढरी हिरवी बुरशी चढलेली. म्हटलं, बाई, सणासुदीला असं पारोसं राहायचं? चिंच घेतली, राख घेतली, आणि तांब्याची भांडी घासतात तसे ते खुंट लख्ख घासले. हात चुरचुरले. मला वाटलं, चिंच.

मग हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. आता कलश. सुपारी, नाणं, पाच पानं, वर नारळ, सगळं तयार. पण ते दोन खुंट वर आलेले, कलश सपाट बसेना. एकीकडं कलंडायचा. कलंडलेली स्थापना काय कामाची? तेवढ्यात आईचं ताम्हण आठवलं. जुन्या घडणीचं, चांगलं रुंद, जाड तांब्याचं. दोन खुंटांवर ते आडवं ठेवलं की कलशाला पाटासारखी जागा झाली असती. कलश ताम्हणात ठेवला आणि दोन्ही हातांनी अलगद खाली नेलं.

एका खुंटावर टेकवलं. काही झालं नाही.

दुसऱ्यावर टेकवलं.

फट्! दिवाळीला अजून तीन आठवडे होते, पण आमच्या डिकीत ती आधीच आली. ठिणग्या नुसत्या उसळल्या. मी हात काढून घेतले. ताम्हण मात्र तिथंच. खुंटांना चिकटूनच बसलं. खालून बॅटरी खदखदायला लागली, धूर निघाला, कलश थरथरायला लागला, आणि नारळ सावकाश डोलायला लागला. कलशातलं पाणी उकळलं असं मी म्हणते. हे म्हणायचे, नाही उकळलं. पण हे तिथं होते कुठं?

आता खरं सांगा. नवऱ्यानं सांगितलंय, ह्यात जीव आहे. तुम्ही स्थापना केलीत, आणि स्थापना होताक्षणी उजेड पडला, धूर आला, नारळ डोलला. तुम्हाला काय वाटलं असतं?

मलाही तेच वाटलं. मी हात जोडले.

"एनु अक्का इदु?" सावित्रम्मा रांगोळीची वाटी घेऊन धावत आल्या. हे काय म्हणून.

"देवी आली," मी म्हटलं.

सावित्रम्मांनी वाटी तिथंच ठेवली आणि वठाराकडं तोंड करून हाक दिली, "अम्मा आल्या! निपाणी अक्कांच्या डिकीत अम्मा आल्या!"

पाच मिनिटांत सात बिऱ्हाडांतल्या बायका डिकीपुढं. आणि मी? मी बाजूला सरकायचं की नाही? नाही. मी पुजाऱ्यासारखी मधे उभी. "लांबून हात जोडा. आंघोळ झाली नसेल त्यांनी पुढं येऊ नका." कोपऱ्यातल्या पद्माक्कांनी मुलीच्या लग्नाचं विचारलं. नारळ उजवीकडं डोलला. मी म्हटलं, होईल. झालंही, पुढच्या वैशाखात. त्यात माझा काही दोष नाही.

"आरती करू," सावित्रम्मा म्हणाल्या, आणि ताटात कापूर घेऊन आल्या. काडेपेटी हातात.

त्याच घटकेला हे गल्लीतून गाडीसमोर आले. खांद्यावर कोहळा. त्यांना आधी बायका दिसल्या, मग धूर दिसला, मग उघडी डिकी दिसली. कोहळा खांद्यावरून सुटला आणि गाडीच्या अगदी पुढ्यात फुटून त्याचे चार तुकडे झाले. तेवढा विधी आपोआप पार पडला.

"काडी ओढू नका!" एवढं ओरडले आणि धावले. नळापाशी कुणाचं तरी धुणं बडवायचं लाकूड पडलं होतं, ते उचललं आणि ताम्हणाला खालून असा टोला दिला, की ताम्हण एकीकडं, कलश दुसरीकडं, नारळ गटारात. पाणी सगळं ह्यांच्या अंगावर.

बायका मागं सरल्या. सावित्रम्मा हळूच म्हणाल्या, "अम्मांना मारलं की हो."

मला वाटलं, आता हे माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे पुढं जाऊन बसले, बटण दाबलं. गाडीतून एक बारीक 'टक्' आलं, आणि मग तेसुद्धा येईना. हे उतरले. ओल्या अंगानं पायरीवर बसले. म्हणाले,

"कोठीला चुना लावून झालाय म्हणालीस ना?"

मी घरात गेले. 

करीमसाबना बोलावणं गेलं. कपाळाला टिळा लावलेलेच आले. दुकान त्यांचं, पण हाताखालचे कामगार सगळे गल्लीतले, त्यामुळं आयुधपूजा त्यांच्याकडं आमच्याहून जोरात. त्यांनी डिकीत वाकून बराच वेळ पाहिलं.

"खुंट कुणी साफ केले?"

"मी," मी दाराआडून म्हटलं. "चिंचेनं."

"तीस वर्षांत इतके स्वच्छ खुंट मी पाहिले नाहीत. म्हणूनच इतकी जोरात पेटली."

मग त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. "अक्का, डेऱ्यातलं पाणी तुम्ही तांब्यानं घेता ना, लागेल तेवढं? वायर म्हणजे तो तांब्या. तुम्ही ह्या खुंटापासून त्या खुंटापर्यंत तांब्याचं ताम्हण ठेवलंत. म्हणजे डेऱ्याच्या बुडालाच भोक पाडलंत. सगळं एकदम वाहून गेलं."

"आणि ती काडेपेटी?" ह्यांनी विचारलं.

करीमसाबनी आभाळाकडं बोट केलं. "खदखदताना बॅटरीतून वायू निघतो. तो पेटला असता तर अम्मा खरोखरच दिसल्या असत्या."

"हँडल मारून सुरू होईल का?" ह्यांनी विचारलं.

"हँडलनं इंजन फिरेल. पण आत ठिणगी पडायला हवी, आणि ती बॅटरीच देते. ठिणग्या सगळ्या अक्कांनी संपवल्या."

आता राहिला परवाचा दिवस. मी धीर करून म्हटलं, "करीमसाब, तुमच्याकडं बॅटरी भरायचं यंत्र आहे की."

"आहे."

"मग लावा की."

"पूजेला बसलंय."

हे तुम्हाला कळलं ना? खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं, की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ते उचलायचं नाही. करीमसाबचं यंत्र हार घालून, कुंकू लावून, केळीच्या पानावर बसलेलं. आणि एकट्या त्यांचंच नाही. त्या दिवशी सगळ्या बेंगळूरातली यंत्रं पानावर बसलेली.

"उठवा की," मी म्हटलं. "एवढ्या नडीला देव समजून घेईल."

करीमसाबनी माझ्याकडं पाहिलं. "अक्का, हे तुम्ही सांगताय?"

मी पुन्हा घरात गेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगण झालं, सोनं वाटून झालं. करीमसाबनी आधी यंत्राला सोनं दिलं, त्याची माफी मागितली, हार उतरवला आणि आमची बॅटरी त्याला जोडली. इकडं ह्यांनी आपली हत्यारं पूजेतून उचलली आणि घरात काहीतरी शोधायला लागले. शोधत शोधत माझ्या जेवायच्या पाटापाशी थांबले. उचलला, करवत लावली, चार बोटं कापला. खालच्या अंगाला जुन्या टायरचं रबर ठोकलं, एका कडेला बिजागऱ्या लावल्या.

"माझा पाट?" मी म्हटलं.

"तुझाच."

"आता मी बसू कुठं?"

"जमिनीवर. बॅटरीवर झाकण हवं. तुझ्यापासून."

दोन दिवसांत ते माझ्याशी एवढंच बोलले. पण बोलले, हे काय कमी?

सकाळी बॅटरी पेटीत परत बसली, पाट तिच्यावर बसला. करीमसाब म्हणाले, "यंत्राला वेळ कमी मिळाला. स्वल्प भरली आहे. गाडी दोनदा सुरू होईल. तिसऱ्यांदाचं मी सांगत नाही."

मुली सावित्रम्मांकडं ठेवल्या. मी म्हटलं, मी येते. गाडी अडली तर ढकलायला एक माणूस हवं की नको? हे म्हणाले, "चल. हात पदरात ठेव."

एकदा घरापुढं सुरू झाली. वाटेत चुन्याच्या पोत्यांची बैलगाडी आडवी आली, ब्रेक दाबला, इंजन बंद. पुन्हा बटण. दुसरी खेप झाली. त्या पोत्यांकडं माझ्यानं बघवेना. पुढं तपासणीचं मैदान येईपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

इन्स्पेक्टर आला. बॉनेट उघडलं. जिथं बॅटरी लटकायची तिथं रिकामं.

"बॅटरी कुठं गेली?"

"मागं नेली, साहेब," हे म्हणाले.

तो मागं गेला. डिकीत वाकला. माझा पाट उचलला. आत फणसाच्या लाकडाची पेटी, आवळलेला पट्टा, लख्ख खुंट. पट्टा ओढून पाहिला, पेटी हलवून पाहिली. हलली नाही. पाट खाली ठेवला आणि म्हणाला, "इंजन बंद करा."

ह्यांनी बंद केलं.

"सुरू करा."

तिसरी खेप. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरात हात गच्च धरले. देवाला हाक मारायचं धाडस झालं नाही. त्या आठवड्यात देवांच्या दारात जायला मला तोंडच नव्हतं. मी थेट बॅटरीलाच म्हटलं, बाई, चुकलं. तुला नमस्कार हवा होता, मी ओझं ठेवलं. एवढी खेप सावर.

कुर्र. थांबलं. कुर्रर्र. पुन्हा थांबलं. इन्स्पेक्टरनं कागदावर पेन टेकवलं.

आणि गाडी सुरू झाली.

मी रडले वगैरे नाही. नाकात धूळ गेली होती.

पण साहेब हलेना. तो पुन्हा डिकीकडं गेला. "ही फळी कुणी सुचवली?"

 करीमसाबचं नाव सांगितलं असतं तर भागलं असतं. पण हे म्हणजे सरळ माणूस. "कुणी सुचवली नाही, साहेब. आयुधपूजेला बायकोनं बॅटरीवर ताम्हण ठेवलं." आणि सगळं सांगितलं. कोहळा सांगितला. पद्माक्कांची मुलगीसुद्धा सांगितली. मी जमिनीकडं बघत होते. वाटलं, शेरा पडला.

साहेबानं खिशातला लोखंडी पाना काढला आणि उंचावरून त्या पाटावर टाकला. थप्प. बस्स, तेवढंच. ना ठिणगी, ना धूर.

"मारुतीराव," तो म्हणाला, "बॅटरी डिकीत टाकून बरेचजण येतात. सगळ्यांची उघडी असते. टॅक्सीच्या डिकीत लोक काय ठेवतात? पत्र्याच्या ट्रंका, तांब्याच्या घागरी, तुपाचे डबे. तुमच्या घरच्यांनी दारात केलं, तेच एखाद्या पॅसेंजरनं भर रस्त्यात केलं असतं. आत माणसं बसलेली असताना." आणि कागदावर सही केली. मग माझ्याकडं वळला. "अम्मा, आमच्या ऑफिसात कशाची पूजा करायची असली तर आधी मला सांगा."

त्या दिवशी परतताना आमच्या टॅक्सीत पहिलं गिऱ्हाईक बसलं. मल्लेश्वरमला जायचं होतं त्याला. मी पुढं बसले होते, तर हे त्याला म्हणाले, "ही मालकीण आहे." पाट कापल्यापासून चांगलं असं ते पहिलंच बोलले.

पुढं करीमसाबना तशाच फळ्या करायचं काम मिळालं. बॅटरी मागं नेली की वर फळी हवीच, असं तो इन्स्पेक्टर प्रत्येकाला सांगायचा. टॅक्सीवाल्यांनी तिला नाव ठेवलं अक्कन हलगे. म्हणजे अक्काची फळी. मला अक्षर येत नाही, माझं नाव कुठल्या शाळेच्या पटावर नाही. पण बेंगळूरच्या कितीतरी डिक्यांत ते होतं.

वर्षानं जाऊबाई आल्या, आमचा संसार बघायला. हे टॅक्सी घेऊन स्टेशनवर गेले, मीही गेले. त्यांच्याबरोबर तुपाची मोठी पितळी बरणी होती. डिकीत ठेवता ठेवता थांबल्या. "ही फळी कसली गं?"

"इकडच्या मोटारींची पद्धत आहे," मी म्हटलं.

ह्यांनी दार उघडून धरलं. "वहिनी, बसा आधी. घर लांब आहे. सगळं सांगतो."

सगळं सांगितलं. मी घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते.

एका टॅक्सीच्या दोन झाल्या. मुली शिकल्या. निपाणीच्या त्या कोठीत लोणचंच राहिलं. ताम्हण अजून माझ्याकडं आहे, बुडाला दोन काळ्या खळ्या आहेत, पूजेचं पाणी ओतलं तरी थेंबभर तिथं अडून राहतं. जशी त्या ड्रायव्हरची बॅटरी योग्य जागी बसली, तशी तुमची आमची सगळ्यांची बसो. ताम्हण तेवढं देव्हाऱ्यातच राहो.